अ-७ आणि बाकीचे अकरा

लातूर,
८ डिसेंबर २०२५

ती. वैजनाथमामांना अयोध्याचा नमस्कार.

तुम्हाला फोन करण्यात अर्थ नाही. तीस वर्षं पॉवर हॅमरजवळ उभं राहून पोरांना लोहारकाम शिकवलंत आणि कान तिथंच ठेवून आलात. आणि मामींच्या मार्फत भट्टीचं तापमान विचारायचं म्हणजे त्या आधी माझ्या तब्येतीची चौकशी करणार, मग आईची, मग म्हशीची. म्हणून पत्र.

मामा, यंदा आमच्या कारखान्यात नवा पाहुणा आलाय. आजवर आम्ही डाळमिलचे सगळे शाफ्ट ईएन ८ चे, म्हणजे साध्या कार्बनच्या पोलादाचे केले. ते दोन हंगामात वाकतात अशी ओरड होती. आता मालकांनी, राजशेखर आप्पांनी, ईएन १९ आणलंय. त्यात शंभरात एक भाग क्रोमियम आणि चिमूटभर मॉलिब्डेनम. बारा मिलची मिळून बारा शाफ्टची ऑर्डर आहे आणि तुरी बाजारात यायच्या आधी ते मिलमध्ये बसले पाहिजेत. कडक करायचं काम माझ्याकडं. बाराही शाफ्टच्या टोकावर तुम्ही दिलेला अक्षराचा पंच मारणार: अ-१ ते अ-१२. अ म्हणजे अयोध्या, हे आता सगळ्या एमआयडीसीला माहीत झालंय.

आता शंका. भट्टी एकच आहे. आठशे साठला तापवायचं, तेलात बुडवायचं, आणि मग कडकपणा उतरवायला परत सहाशेवर टेम्परिंग. ईएन ८ ला आम्ही टेम्परिंग नेहमी दुसऱ्या दिवशी करतो, कारण भट्टी उतरायला वेळ लागतो. पण यंदा कडक करायचं काम १८ तारखेला संपणार आणि १९ ला अमावास्या, येळवस. सगळा कारखाना आप्पांच्या शेतात जेवायला. आप्पांनी बजावलंय, "येळवसला भट्टी पेटलेली दिसली तर मीच पाणी ओततो." म्हणजे टेम्परिंग थेट २० ला. तेलातून काढलेले शाफ्ट दोन रात्री आणि एक अख्खा दिवस तसेच पडून राहणार.

चालेल का? मला कसंसंच वाटतंय, पण का ते सांगता येत नाही. तुम्ही हो म्हणालात तर मी निर्धास्त.

तुमची,
अयोध्या

*

अर्धापूर,
१२ डिसेंबर २०२५

चि. अयोध्या,

आशीर्वाद. पत्र मिळालं. केळीला पाणी चालू आहे, थंडीनं घड फुगत नाहीत, बाकी आम्ही मजेत.

तुझी शंका वाचून हसू आलं. अगं, पोलाद म्हणजे काय दूध आहे नासायला? मी तीस वर्षं पहारी, छिन्न्या, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ कडक केले आणि पोरांकडून करून घेतले. शनिवारी तेलात बुडवलेला माल सोमवारी टेम्पर केला. एकाला तडा गेला नाही. वैजनाथ मास्तरच्या हाताखालून गेलेली वस्तू परत आली असं सांगणारा माणूस नांदेड जिल्ह्यात दाखव, मी मिशा काढतो.

एक दिवसानं काही बिघडत नाही. बिनघोर सणाला जा. आमच्या अर्धापूरकडं येळवसचं एवढं नसतं, पण तुमच्याकडची भज्जी आणि आंबील आठवली की अजून जिभेला पाणी सुटतं. माझ्या वाटणीचे दोन उंडे जास्त खा.

पंच नीट सरळ मारत जा. मागच्या वेळचा 'अ' तिरका होता, मला फोटोत दिसला.

मामा

*

लातूर,
२२ जानेवारी २०२६

ती. मामा,

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावला असाल. रागवा. माझ्याकडं आता त्याहून मोठा राग आहे.

अ-७ तुटला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, इथल्याच एका डाळमिलमध्ये, भर दुपारी. बसवून तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. शाफ्ट पुलीच्या चावीसाठी कापलेल्या खाचेपाशी दोन तुकडे झाला आणि पुली निसटून पत्र्याची भिंत फोडून बाहेरच्या पोत्यांवर पडली. पट्ट्याजवळ रामकिशन नावाचा माणूस उभा असतो. तो तेवढ्यात पाणी प्यायला गेला होता. मी मिलमध्ये पोचले तेव्हा तो भिंतीच्या भोकासमोर उभा राहून नुसता हसत होता. हसू थांबतच नव्हतं त्याचं.

त्याच संध्याकाळी आप्पांनी मला बोलावलं आणि टाइप केलेला कागद पुढं केला. शब्द तसेच्या तसे उतरवते: "मी १८ डिसेंबर रोजी शाफ्ट क्र. अ-७ कडक करताना भट्टीकडे लक्ष दिले नाही. त्यामुळे तो एकच शाफ्ट प्रमाणाबाहेर तापला. बाकीचे अकरा शाफ्ट बरोबर आहेत." खाली माझी सही. साक्षीदार म्हणून भागवतनं आधीच सही करून ठेवलेली. हा भागवत माझ्याबरोबर चार वर्षं भट्टीवर आहे, माझ्या डब्यातलं खातो. मी त्याच्याकडं पाहिलं तर तो बुटाची नाडी बांधायला वाकला. त्याच्या पायात चपला होत्या.

आप्पा म्हणाले, "सही कर आन् कामाला लाग. तुला काढून राहिलो का मी? मिलवाल्याचं समाधान व्हाया पाहिजे, एवढंच हाय."

मी म्हटलं, "अ-५ ते अ-८ एकाच टोपलीत, एकाच वेळी भट्टीत होते. मग एकटाच सातवा कसा तापला? त्याला काय वेगळा जाळ होता?"

"तोंड लई चालतंय तुझं."

"तोंड चालतंय, भट्टी त्याहून नीट चालती. दर अर्ध्या तासाचा आकडा वहीत हाय. कुठंबी आठशे साठच्या वर न्हाई."

सही केली नाही. करणारही नाही. माझ्या हातून चूक झाली असेल तर दाखवा, मी दहा लोकांत सांगेन. पण न केलेली चूक मी का माझ्या नावावर घेऊ? आणि ते तिसरं वाक्य बघा, 'बाकीचे अकरा बरोबर आहेत.' हे कुणी तपासलं? कुणीच नाही. माझ्या सहीनं ते बरोबर होणार आहेत, एवढाच त्यांचा कारभार.

मिलवाल्याला सांगून तुटलेल्या तोंडाचे दोन्ही बाजूंचे तुकडे कापून घेतलेत. एक माझ्याजवळ आहे. दुसरा आजच्या नांदेड गाडीनं पार्सल केलाय. मामा, तो नीट बघा आणि कशानं तुटला ते लिहा. तुमच्या शब्दावर मी उभी आहे. आप्पांनी ९ फेब्रुवारीपर्यंत मुदत दिली आहे. त्या सोमवारी सही नाही तर काम नाही.

अयोध्या

*

अर्धापूर,
२८ जानेवारी २०२६

चि. अयोध्या,

पार्सल मिळालं. सही करू नकोस. त्या राजशेखरला माझ्यातर्फे सांग की आमच्या घरातली पोर कुणाच्या टाइप केलेल्या कागदाखाली नाव लिहीत नाही.

तुकडा पाहिला. दाणा बारीक आहे, अगदी रेशमासारखा. पोलाद जास्त तापलं असतं तर दाणा साखरेसारखा जाड झाला असता आणि तुटलेलं तोंड चमचमलं असतं. तसं काही नाही. भट्टी आठशे साठच्या वर गेली नव्हती, हे मी छातीठोक सांगतो. हवं तर भिंग घेऊन बघ. दाण्याच्या बाबतीत तुझ्यावर कुणाला बोट ठेवता येणार नाही.

मग तुटला कशानं? मला वाटतं लोखंडच खोटं असावं. हल्ली ईएन १९ च्या नावाखाली काय काय विकतात. मालकाला सांग की लोखंडाची तपासणी करून आण, मग आमच्या पोरीशी बोल. चेंडू त्याच्या अंगणात टाक आणि गप्प बस. जास्त खोलात शिरू नकोस.

मामीला ताप आहे. जास्त लिहीत नाही.

मामा

*

लातूर,
३ फेब्रुवारी २०२६

ती. मामा,

मामींचा ताप कसा आहे ते आधी कळवा. आणि मग माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुमच्या तुकड्यावर काळा भाग नव्हता का?

लोखंड खरं आहे. उरलेल्या सळईचा तुकडा मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये नेला. तिथल्या मॅडमनी तपासून दिला. क्रोमियम एक टक्का, मॉलिब्डेनम पाव टक्का, कार्बन पॉइंट चार. कागदावर लिहिलंय तेच सळईत आहे. आप्पांनी या वेळी एक पैची लबाडी केलेली नाही.

मग मी माझ्याकडचा तुकडा घेऊन उजेडात बसले. मामा, तुमच्या पत्रात दाण्यावर पाच ओळी आहेत. रेशीम काय, साखर काय. आणि ज्या गोष्टीवर नजर सगळ्यात आधी जाते तिच्यावर एक शब्द नाही. चावीच्या खाचेच्या कोपऱ्यापासून आत बोटभर लांब काळा पट्टा आहे. त्याच्या पुढचं तोंड ताजं, राखाडी, स्वच्छ. हे मी पाहिलं आणि तुम्ही नाही पाहिलं? ज्यांना माझ्या 'अ'चा तिरकेपणा फोटोत दिसतो त्यांना?

दहावीच्या सुट्टीत तुमच्या शेडमध्ये तुम्हीच मला शिकवलं होतं की तडा कधी गेला ते रंग सांगतो. टेम्परिंगच्या आधी गेलेल्या तड्यात भट्टीची गरम हवा शिरते आणि तोंड काळं पडतं. नंतर तुटलं तर ते स्वच्छ राहतं. म्हणजे अ-७ ला तडा गेला तो भट्टीत नाही आणि मिलमध्येही नाही. तेलातून निघाला आणि परत भट्टीत गेला, त्या मधल्या काळात. आम्ही सगळे शेतात कडब्याच्या कोपीपुढं पंगतीला बसलो होतो तेव्हा तो रॅकवर पडल्या पडल्या फुटत होता. मिलमध्ये फक्त तो तडा पुरा झाला.

'पोलाद म्हणजे काय दूध आहे नासायला?' तुमचं पत्र माझ्याजवळ आहे.

तुम्ही चुकलात याचं मला दुःख नाही. माणूस चुकतो. पण तुकडा हातात आल्यावर तुम्हाला कळलं, आणि कळूनही तुम्ही मला लोखंडाच्या मागं पाठवलंत, याचं लई वाईट वाटलं मामा. रडले मी. आप्पांच्या कागदावर नाही रडले, तुमच्या पत्रावर रडले.

आणि माझंही सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की सगळं तुमच्यावर ढकलतेय. शंका मला आली होती. शंका आली म्हणून तर पत्र लिहिलं. उत्तर हवं तसं आलं आणि मी नवी साडी नेसून आंबील प्यायला गेले. आप्पांनी सण सांगितला, तुम्ही हो म्हणालात आणि मी ते दोन्ही घेऊन गप्प बसले. ही माझी चूक. ती मी घेणार. त्यांच्या कागदावरची नाही, ही.

पण आता प्रश्न माझ्या कामाचा राहिला नाही. बाकीचे अकराही तेवढेच पडून होते. अकरा मिलमध्ये अकरा पट्ट्यांजवळ अकरा माणसं उभी असतील आणि प्रत्येक वेळी माणूस पाणी प्यायला जात नसतो. प्रत्येक शाफ्टवर माझं अक्षर आहे. मला ते बघायचे आहेत. सोमवारच्या आत उत्तर द्या. खरं द्या, नाहीतर देऊ नका.

अयोध्या

*

अर्धापूर,
५ फेब्रुवारी २०२६

चि. अयोध्या,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. लातूर गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतो, उद्याच मिळेल.

मामीला ताप नव्हता.

काळा भाग पाहिला. पार्सल फोडल्या फोडल्या पाहिला. मग तुकडा ज्वारीच्या कणगीमागं ठेवून दिला, जसा काही तिथं ठेवला की तो तुटलेला नाही असं होणार होतं. चार दिवस त्या खोलीत गेलो नाही. मग बसून तुला दाण्याबद्दल लिहिलं. दाण्याचं सगळं खरं आहे. खऱ्यामागं दडता येतं हे या वयात कळलं.

ऐक. मी आयुष्यात ईएन १९ हातात धरलं नव्हतं. माझ्या सगळ्या पहारी आणि फाळ साध्या कार्बनचे. ते वरवर कडक होतात, आतून मऊ राहतात, आणि मऊ पोट ताण सोसून घेतं. म्हणून ते सोमवारपर्यंत थांबले. क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद आतपर्यंत कडक होतं. तोच त्याचा गुण, त्यासाठीच ते आणतात. पण टेम्परिंग होईपर्यंत त्याच्या अंगात ताण कोंडलेला असतो. त्यात डिसेंबरची थंडी आणि खाचेचा धारदार कोपरा. त्याला पूर्ण गार होऊच द्यायचं नसतं. हाताला चटका बसेल इतपत गरम असतानाच तेलातून काढायचं आणि लगेच टेम्परिंगच्या भट्टीत. हे पुस्तकात आहे. पुस्तक माझ्या कपाटात आहे. तू विचारलंस तेव्हा उठून कपाट उघडलं असतं तर पाच मिनिटं लागली असती. पण तू 'निर्धास्त' असं लिहिलं होतंस, आणि मला माहीत नाही असं भाचीला लिहायची लाज वाटली.

आता काम. शाफ्टमधला तडा डोळ्याला दिसत नाही, पण तो शोधायची सोपी युक्ती आहे. रॉकेल आता मिळत नाही, डिझेल घे. खाचेजवळचा भाग घासून साफ कर, डिझेलचा बोळा अर्धा तास दाबून ठेव. मग कोरड्या फडक्यानं पूर्ण पूस आणि खडूची भुकटी चोळ. तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल पाच-दहा मिनिटांत वर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. रेघ नसेल तर तिथं तडा नाही. खडूचा अख्खा डबा पाठवतोय. शिकवण्याच्या दिवसांतला उरलेला आहे.

सोबत एक कागद आहे. त्यात मी लिहिलंय की १२ डिसेंबरला मी तुला चुकीचा सल्ला दिला, माझं नाव, गाव आणि मी तीस वर्षं काय शिकवत होतो तेही. सही केली आहे. माझं ते जुनं पत्रही मालकाच्या टेबलावर ठेव. मिलवाल्यांना दाखव. ज्याला हवं त्याला दाखव. नांदेड जिल्ह्यात असा माणूस दाखव म्हणालो होतो ना? तो मीच निघालो.

मी येऊ का?

मामा

ता. क. मिशा काढल्या. मामी ओळखत नव्हती.

*

लातूर,
२४ फेब्रुवारी २०२६

ती. मामा,

तुम्ही येऊ नका असा निरोप पाठवला त्याचा राग मानू नका. तुम्ही आला असता तर मी तुमच्या मागं उभी राहिले असते. मला पुढं उभं राहायचं होतं.

सोमवारी, ९ तारखेला, आप्पांच्या केबिनमध्ये गेले. त्यांचा टाइप केलेला कागद सही न करताच परत दिला. माझा हातानं लिहिलेला पुढं ठेवला: "बाराही शाफ्ट १८ डिसेंबरला कडक केले. येळवसच्या सुट्टीमुळे टेम्परिंग २० ला झाले. त्यामुळे अ-७ ला तडा गेला. मला शंका होती तरी मी थांबले नाही, ही माझी चूक. बाकीचे अकरा तपासलेले नाहीत. ते थांबवून तपासावेत." खाली सही, एकदम सरळ. त्याखाली तुमचं पत्र आणि तुमचा कागद.

आप्पांनी सगळं वाचलं. मग म्हणाले, "तुझ्या मामाला वेड लागलं का? एवढ्या वयात स्वतःचीच इज्जत घालवून राहिला."

मी म्हटलं, "आप्पा, इज्जत हाय म्हणून तर सही केली त्यांनी. तुमच्या कागदावर तुमची सही कुठं हाय?"

त्यांनी मला काढलं. मी माझा डबा, वही आणि पंच घेऊन बाहेर पडले. गेटवर भागवत आला आणि हातात चिठ्ठी दिली. अकरा मिलची नावं आणि पत्ते. डिस्पॅचच्या फायलीतून उतरवलेले. मी त्याला माफ केलं की नाही ते अजून ठरवलं नाही, पण चिठ्ठी घेतली.

मग बारा दिवस मी आणि तुमचा खडूचा डबा. कुणी चहा पाजला, कुणी दारातच उभं केलं. एकानं विचारलं, "तुला कुणी पाठवलं?" मी म्हटलं, "शाफ्टच्या टोकावर बघा, तिथं लिहिलंय." तुमचा कागद फार कामाला आला, मामा. लोक आधी माझ्याकडं संशयानं बघायचे, मग तो कागद वाचायचे आणि मग मिल बंद करायचे. चूक कबूल करणारा मास्तर त्यांनी आधी बघितला नव्हता बहुतेक. अ-१ स्वच्छ. अ-२ स्वच्छ. अ-४ वर रेघ. अ-९ वर रेघ. बाकीचे ठीक. रेघ निघालेले दोन्ही शाफ्ट त्याच दिवशी उतरवले.

शेवटचा राहिला अ-१२, अहमदपूरला, बसलिंगप्पा सावकारांच्या मिलमध्ये. म्हातारे आहेत, आवाज असा की मिल चालू असताना सुद्धा ऐकू येतो. ते कागद वाचायलाच तयार नव्हते.

"बाहेर तुरीच्या गाड्या उभ्या हायत. हंगाम सोडून तुझ्या खडूसाठी मिल बंद करू? पुढच्या महिन्यात ये."

"पुढच्या महिन्यापर्यंत टिकंल का, ते मला सांगता येत न्हाई."

"मला येतंय. टिकंल."

शाफ्टपासून हातभर अंतरावर धोंडाबाई म्हणून एक बाई पोत्यावर बसून सांडलेली डाळ गोळा करत होत्या. त्यांची ती रोजची जागा. मला काय झालं माहीत नाही, मी त्यांना हात धरून उठवलं, लांब नेऊन बसवलं आणि त्यांच्या पोत्यावर स्वतः जाऊन बसले. पट्टा कानाजवळून जात होता. अंगावर डाळीचा कोंडा उडत होता. खोटं कशाला सांगू, भीती वाटत होती.

सावकार ओरडले, "ए पोरी! ऊठ तिथनं! मरायचं हाय का?"

मी म्हटलं, "तुम्हीच म्हणताय टिकंल. मग भ्यायचं काय कारण? मी संध्याकाळपर्यंत बसते."

ते गडबडले. मुनिमाला म्हणाले, "बंद कर, बंद कर आधी."

तेवढ्यात मागून धोंडाबाई बोलल्या, आणि मामा, मी एवढी भांडले पण असं मला सुचलं नसतं. त्या म्हणाल्या, "सावकार, म्या रोजच तिथं बसते. तवा कुणी बंद न्हाई केली."

मिल थांबली. पट्टा सावकाश सावकाश गप झाला. मी बोळा दाबून अर्धा तास बसले, पुसलं, खडू चोळला. पहिली काही मिनिटं काहीच नाही. सावकार घड्याळ बघत होते. मलाच वाटायला लागलं की उगीच तमाशा केला. मग खाचेच्या कोपऱ्यातून रेघ निघाली. आधी केसासारखी, मग ओली होत होत माझ्या करंगळीएवढी. अ-४ आणि अ-९ च्या रेघांपेक्षा लांब.

धोंडाबाई जवळ आल्या, रेघेवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "एवढीशीच?" मग स्वतःच्या पोत्याकडं बघितलं आणि मटकन खाली बसल्या.

सावकारांनी मला खुर्ची दिली. माझ्यापुढं आप्पांना फोन लावला आणि त्या आवाजात सांगितलं, "राजशेखर, नवा शाफ्ट पाहिजे. आन् त्याच्यावर त्या पोरीचा 'अ' पाहिजे. 'अ' नसंल तर पाठवू नको." लातूरच्या आणखी चार मिलवाल्यांनी हेच कळवलंय म्हणे.

परवा भागवत निरोप घेऊन आला, आप्पा बोलावतायत. मी उलट निरोप दिला. भट्टीच्या समोरच्या भिंतीवर ऑइल पेंटनं लिहा: 'तेलातून काढलेला माल त्याच दिवशी टेम्पर होईल, सण असो वा नसो.' खाली आप्पांनी सही करावी. मग मी येते. भागवत म्हणाला, "भिंतीवर सही? कुणी करतं का?" मी म्हटलं, शाफ्टवर मी करते की.

भिंत अजून रंगलेली नाही. मीही गेलेली नाही. सध्या औसा रोडवरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आहे. तिथं पुढच्या आठवड्यात ईएन २४ चं काम येतंय, त्यात निकेल आहे, ते मी कधी हाताळलं नाही. ऐंशी मिलिमीटरचे गिअर शाफ्ट. तेलातून किती गरम असताना काढू आणि टेम्परिंग कितीवर करू? एकदाच केलं तर पुरे, की दोनदा?

हो, तुम्हालाच विचारतेय. दुसऱ्या कुणाला विचारू?

तुमची,
अयोध्या

*

अर्धापूर,
२८ फेब्रुवारी २०२६

चि. अयोध्या,

माहीत नाही.

कपाट उघडलंय. बघून लिहितो. तोवर भट्टी पेटवू नकोस.

मामा